तुम्ही म्हणालात, ‘बरा व्हता’

आत्याबाई,

तो पिच्चर आता मोबाईलवर आलाय.

परवा तुमच्या तेराव्याची मंडळी पांगली, घर जरा मोकळं झालं. मी सहज फोन हातात घेतला तर समोर त्याच बाईचा चेहरा. तीच ओसरी, तोच खांब आणि खांबाला टेकून उभी असलेली ती. माझ्या मनात पहिलं हेच आलं की तुम्हाला हाक मारावी. बघा, आता घरबसल्या बघता येईल, पुन्हा एकदा बघू आणि आपलं भांडण निकाली काढू. हाक तोंडापर्यंत आली होती. मग फोन पालथा ठेवला आणि उरलेल्या बुंदीचं काय करायचं ते बघायला आत गेले.

लग्न होऊन डोंगरकड्याहून कळमनुरीला आले, तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मला सासूबाई नको म्हनू. आत्याबाई म्हन. सासूबाई म्हनलं की मला माझी सासू आठवती.” आणि दुसरी गोष्ट विचारलीत ती म्हणजे, “पिच्चर बघतीस का?” मी घाबरत हो म्हणाले. तुम्ही खूश झालात. इतक्या वर्षांत आपलं पटलं नाही अशा गोष्टी पुष्कळ होत्या. आमटीत गूळ किती, नातवाला रागवायचं कुणी, पडदे धुवायचे कधी. पण पिच्चरला जायचं म्हटलं की आपण दोघी एका बाजूला आणि सगळं घर एका बाजूला.

मामंजी कधी आले नाहीत. मारुतीची पूजा आटोपून ते ओट्यावर बसलेले असायचे. आपण चपला घातल्या की फक्त विचारायचे, “कुठला हाय?” तुम्ही नाव सांगायच्या. ते मान हलवायचे. मला तेव्हा वाटायचं, देवळातला माणूस, त्यांना हे आवडत नसणार. पण नाराजीही कधी दिसली नाही. हे काय कोडं आहे, हे मी तेव्हा तुम्हाला विचारलं नाही आणि मामंजी गेल्यावर ते विचारायचं राहूनच गेलं.

तो पिच्चर हिंगोलीला लागलाच नाही. मी पेपरात वाचलं होतं, लोक फार नावाजत होते. पन्नास वर्षांपूर्वीचं आपल्याच भागातलं घर आहे, बघण्यासारखं आहे. मी कॉलेजच्या ऑफिसातून सुट्टी टाकली आणि आपण नांदेडला गेलो. थिएटरात माणसं अगदी थोडी. पुढं कॉलेजची चार पोरं, मागं एक जोडपं आणि मध्ये आपण. तुम्ही नवी साडी नेसला होता. खुर्चीत बसल्यावर दोन्ही पाय वर घेतलेत आणि पदराखालून लाह्यांची पुडी काढलीत.

गोष्ट साधीच होती. नवरा शहरात नोकरीला. आधी पत्रं येतात, मग यायची बंद होतात. घरात सासरा, एक लहान नणंद आणि ती. एक दिवस कोणी माणूस येऊन ओसरीवर सासऱ्याशी बोलून जातो. ती आतून बघते, पण आपल्याला त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. संध्याकाळी सासरा जेवतो, हात धुतो, ती पाणी घालते. दोघं एकमेकांकडं बघतात आणि कोणीच काही बोलत नाही. माझ्या डोळ्यांना तेव्हाच पाणी आलं.

तुम्ही माझ्याकडं वाकून विचारलंत, “आवाज बंद पडला का?”

पुढची पोरं मागं वळून हसली. मी म्हणाले, “नाही, ते असंच आहे.” मध्यंतर झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, “आता तरी चालू हुईल का?” मला हसू आलं आणि थोडा रागही. उत्तरार्धात मात्र तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. शेवटी ती दिवा लावते, दार उघडते, उंबऱ्यात उभी राहते आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. मी नाक पुसत होते. तुम्ही पुडीतल्या उरलेल्या लाह्या नीट बांधून ठेवत होतात.

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेताना मी विचारलं, “कसा वाटला?”

“बरा व्हता.”

तुमचा ‘बरा’ मला चांगला माहीत होता. दुधी भोपळ्याची भाजी बरी असायची, सरकारी दवाखान्याचं औषध बरं असायचं आणि शेजारच्या काकूंचा जावई बरा होता. मी म्हणाले, “बरा? इतकाच?”

“कपडे लई सोच्छ. लुगड्याला कुठं डाग न्हाई. चुलीला धूर न्हाई. त्या घरात कोनी खोकत न्हाई, कोनी शिंकत न्हाई. असं घर व्हतं का कुठं?”

“ते मुद्दाम तसं केलंय, आत्याबाई. गप्प राहण्यातूनच सगळं सांगितलंय.”

“काय सांगितलं?”

“की तिला सगळं कळलंय, पण विचारता येत नाही.”

“काहून येत न्हाई?”

“अहो, त्या काळी सून सासऱ्याला असं समोर उभं राहून विचारू शकत होती का?”

तुम्ही बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणालात, “येत व्हतं इचारता. म्या इचारलं व्हतं.”

तेवढ्यात कंडक्टरनं कळमनुरी-हिंगोलीचा पुकारा केला आणि सगळी गर्दी दाराकडं पळाली. गाडीत तुम्हाला पुढं जागा मिळाली, मला मागं. मी सगळा रस्ता तुमच्या अंबाड्याकडं बघत बसले. काय विचारलं होतं? कुणाला?

त्यानंतर कित्येक दिवस आपण त्या पिच्चरवर बोलत होतो. विषय बहुतेक तुम्हीच काढायच्या, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. बरा होता म्हणालात ना, मग एवढं डोक्यात काहून? मेथी निवडताना मध्येच विचारायच्या, “ती दारात उभी ऱ्हायली, आन फुडं?”

“पुढं काही नाही. तिथंच संपतो.”

“नवरा आला का न्हाई?”

“ते आपल्यावर सोडलंय.”

“आपल्यावर काहून? गोष्ट त्यायची हाय, त्यायनं सांगावी.”

मी म्हणायचे, “आणि तुमची गोष्ट? ती कधी सांगणार?” तुम्ही हसायच्या. “ते लई जुनं हाय. सांगीन. घाई काय हाय?” एकदा तर कबूलही केलंत, “पुन्यांदा त्या पिच्चरला ने, तवा सांगीन.” पण तोवर तो नांदेडहून गेला होता. मग तुम्हाला ताप आला, मग दवाखाना आणि दवाखान्यात तुम्ही बोलण्याच्या पलीकडं गेलात. मी उशाशी बसून होते. तेव्हा हे विचारायची वेळ नव्हती, हे मलाही कळत होतं. तरी खोटं कशाला बोलू, एकदा मनात येऊन गेलं.

सिंधूमावशी हट्ट्याहून आल्या त्या तेरावा होऊन गेला तरी राहिल्या. तुम्ही दोघी बहिणी बोलायला लागलात की घर घुमायला लागायचं. आता त्या एकट्याच स्वयंपाकघराच्या दारात बसून असायच्या. एका दुपारी आम्ही तेराव्याच्या डाळी निवडत होतो. मी त्यांना पिच्चरचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, “आत्याबाई म्हणाल्या, म्या इचारलं व्हतं. काय विचारलं होतं हो त्यांनी?”

मावशींचा हात थांबला. “अक्कानं तुला सांगितलं न्हाई?”

“नाही.”

“मंग म्या कशी सांगू?” असं म्हणून त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या. सूप निम्मं झाल्यावर आपणच म्हणाल्या, “आता दोघं बी न्हाईत. कोनाची लाज जानार हाय? आइक.”

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. मामंजी तेव्हा परभणीला एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. महिन्यातून एकदा घरी यायचे. मग यायचे बंद झाले. निरोप नाही, पत्र नाही. एक दिवस परभणीचा कोणी माणूस येऊन तुमच्या सासऱ्यांशी बोलून गेला आणि त्या दिवसापासून सासऱ्यांचं जेवण तुटलं. कोणी तुम्हाला काही सांगेना. मी मावशींना मध्येच थांबवून म्हणाले, “हे तर पिच्चरमधलंच.” मावशी म्हणाल्या, “म्या कुठं बघितला तुझा पिच्चर? मला बोलू दे.”

तुम्ही थोडे दिवस वाट बघितलीत. मग एका संध्याकाळी आरतीच्या वेळेला लेकरू कडेवर घेऊन देवळात गेलात. माणसं जमलेली, सासऱ्यांच्या हातात आरतीचं ताट. तुम्ही पायरीशी उभं राहून म्हणालात, “ते कुठं हायेत, तुमास्नी ठावं हाय. मला सांगा.”

सासरे म्हणाले, “घरी चल.”

“घरी तुमी बोलत न्हाई. हितं सांगा, देवाम्होरं.”

मावशी सांगत होत्या, लोकांनी माना खाली घातल्या. शेवटी सासरे म्हणाले, “जिनातून काढलं त्याला. कुठं हाय, काय करून राहिला, मला बी ठावं न्हाई.” आणि तिथंच खाली बसले. तुम्ही त्यांच्या हातातलं ताट घेऊन देवापुढं ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हिंगोलीच्या एस्टीत बसलात. तिथं गाडी बदलून परभणी. तोवर तुम्ही माहेरचं हट्टा आणि कळमनुरी सोडून कुठं एकट्या गेला नव्हता. जिनाच्या फाटकात सांगितलं, ते केव्हाच गेले. बाहेरचा पानवाला तुमच्याकडं आणि लेकराकडं बघून जरा घुटमळला आणि म्हणाला, “बाई, त्या टॉकीजकडं बघा.”

मामंजी टॉकीजच्या दारावर होते. दुपारचा खेळ चालू झालेला. अंगात खाकी शर्ट, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे. कळमनुरीच्या मारुतीच्या पुजाऱ्याचा मुलगा परभणीच्या टॉकीजमध्ये लोकांना खुर्च्या दाखवतो, हे घरी कसं सांगायचं म्हणून ते घरीच येत नव्हते. एवढंच. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती, काही नव्हतं. तुम्हाला बघून ते आतच पळायला निघाले.

तुम्ही म्हणालात, “मी भांडायला न्हाई आले. तुमी घरी येनार का म्या हितंच ऱ्हाऊ, एवढं सांगा.”

मामंजी म्हणाले, “खेळ सुटू दे.” मग पडदा बाजूला करून तुम्हाला आत घेतलं. पुढं ते, मागं तुम्ही, आणि बॅटरीचा उजेड तुमच्या पायांपाशी. शेवटच्या रांगेत खुर्ची दाखवून ते परत दारावर गेले. तुम्ही मांडीवर लेकरू घेऊन बसलात. आयुष्यातला तुमचा पहिला पिच्चर. तोही मधूनच बघितलेला. तो सुरू कसा झाला होता, ते तुम्हाला कधीच कळलं नाही, असं मावशी म्हणाल्या. नंतर आपण दोघी पिच्चरला निघालो की तुम्ही घरून फार लवकर निघायला लावायच्या आणि मी वैतागायचे, ते यामुळं असेल का?

खेळ सुटल्यावर मामंजी म्हणाले, “मला लाज वाटती.” तुम्ही म्हणालात, “मला न्हाई वाटत.” आणि त्यांना घेऊन घरी आलात. सासऱ्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळची पूजा मामंजींकडं दिली. पुढं त्यांना पंचायत समितीत काम लागलं, घर उभं राहिलं, सगळं झालं. पण टॉकीजची पायरी ते पुन्हा चढले नाहीत, आणि त्यांचा मान म्हणून तुम्ही ही गोष्ट धाकट्या बहिणीशिवाय कुणाला सांगितली नाही.

मी सूप खाली ठेवलं. मला रडू यायला हवं होतं, पण मला तुम्हाला धरून प्रश्न विचारावेसे वाटत होते. आत्याबाई, त्या अंधारात बसल्यावर तुम्ही पडद्याकडं बघत होतात का दाराकडं? पिच्चर कुठला होता? आणि मुख्य म्हणजे, नांदेडच्या थिएटरात तुमच्यासमोर तुमचंच घर चाललं होतं. तोच सासरा, तोच परका माणूस, तेच न बोलणं. माझ्यासारखीला रडू आलं, मग तुम्ही ‘बरा व्हता’ एवढ्यावर कशा थांबलात? त्या बाईनं विचारलं नाही म्हणून तुम्हाला ती खोटी वाटली? का तुमची गोष्ट तिच्याहून पुढं गेलेली, म्हणून ती अर्धवट वाटली? का उत्तरार्धात तुम्ही गप्प होतात ते झोपला होता म्हणून नव्हे? हे तिन्ही मी उलटंपालटं करून बघते. प्रत्येक वेळी वेगळंच खरं वाटतं.

पण माझं मत मी अजून सोडलेलं नाही, हेही सांगून ठेवते. आणि मला त्यात एक भिडू मिळालाय. काल दुपारी मी मावशींना तो पिच्चर दाखवला. डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. मावशी भिंतीला पाठ लावून बसल्या आणि सबंध वेळ हलल्या नाहीत. आवाज बंद पडला का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. हात धुण्याच्या जागी त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. शेवटी ती दारात उभी राहिली, पडदा काळा झाला, तरी मावशी बघतच होत्या.

मी म्हणाले, “आत्याबाईंना नाही आवडला. त्या म्हणाल्या, असं कोणी गप्प राहत नाही.”

“अक्का न्हाई ऱ्हायली,” मावशी म्हणाल्या. “ही अक्का न्हाईच. ही म्या हाय.”

मावशींच्या यजमानांचं, काकांचं, पूर्णेला दुसरं बिऱ्हाड होतं, हे मला मोघम ऐकून माहीत होतं. तुमच्या घरात तो विषय निघाला की तुम्ही भांडी आपटायच्या. मावशी सांगत होत्या, “चार चार दिवस यायचे न्हाईत. आले की म्या पानी द्यायची. कुठं व्हता, हे म्या त्यायला कवा इचारलं न्हाई. ते वारले तरी न्हाई. सगळ्यायला अक्कासारखं येत न्हाई, बाई.”

“मग पिच्चर कसा वाटला?”

“लई चांगला,” त्या म्हणाल्या. “पन पुन्यांदा दावू नको.”

एकाच हट्ट्याच्या घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या तुम्ही दोघी. आता मला आणखी एक प्रश्न पडलाय आणि तो सगळ्यांत अवघड आहे. थिएटरात ती बाई दिवा घेऊन दाराकडं निघाली, तेव्हा तुम्हाला सिंधूमावशी दिसल्या का? मेथी निवडताना ‘फुडं काय’, ‘फुडं काय’ असं तुम्ही मला जे खोदून विचारायच्या, ते त्या बाईसाठी होतं का बहिणीसाठी? मावशींना मी हे विचारलं नाही. त्या तुमच्या आठवणीनं आधीच हळव्या झाल्यात.

तुमच्याशी भांडायची सवय मात्र जाता जात नाही. दुसऱ्या कुणाशी पिच्चरवर असं भांडता येणार नाही. लोक एक तर म्हणतात छान होता किंवा म्हणतात बोअर होता, आणि फोन उघडतात. तुम्ही एका ‘बरा’ वर मला महिनोन्‌महिने पुरलात. डोंगरकड्याच्या मास्तरांच्या घरात मला गप्प बसायचं शिकवलं होतं. तुमच्या घरात येऊन मी बोलायला शिकले, तेही तुमच्याच विरुद्ध. त्याचा तुम्हाला राग आला नाही, उलट मजा वाटली, हे माझं भाग्य.

संध्याकाळी मी सगळी गोष्ट ह्यांना सांगितली. तुमचा लेक तुम्हाला माहीतच आहे, पिच्चरचं नाव काढलं की उठून जाणारा माणूस. ते ओट्यावर बसून ऐकत होते. परभणीचं आलं, टॉकीजचं आलं. बॅटरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चेहरा दुसरीकडं फिरवला. आपल्या वडिलांना त्यांनी खाकी शर्टात कधी मनात तरी आणलं असेल का?

मग म्हणाले, “मंग ते कडेवरचं लेकरू?”

“तुम्हीच की.”

“मी व्हतो तिथं?” ते स्वतःशीच हसल्यासारखे झाले. डोक्यावरचे केस अजून नुकतेच कुठं उगवत होते, त्यावरून हात फिरवला. मग अगदी लहान आवाजात विचारलं, “अंधाराला भिऊन रडलो असंन का गं मी?”

मला काय ठाऊक असणार? मी आतून मावशींना बोलावलं. त्यांची पिशवी भरून दारापाशी ठेवलेली होती, सकाळच्या गाडीनं त्या हट्ट्याला जाणार होत्या. प्रश्न ऐकून त्या ह्यांच्याजवळ येऊन बसल्या.

“ते काय अक्कानं सांगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पन टॉकीजमदी लेकरू रडाय लागलं की दारावरचा मानूसच त्याला भायेर घिऊन जातो. तू रडला असशील तर तुझ्या बापानंच तुला उचललं असंल.”

तुमचा लेक उठला, देवळाची किल्ली घेतली आणि सांजवात लावायला गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा शांत होता. जेवताना तुमच्या नातवाला सांगत होता, “मी लहानपणी रडलो की माझा बाप मला टॉकीजच्या भायेर घिऊन उभा ऱ्हायचा.” जणू एकदा नव्हे, रोजच.

असं झालं होतं का, आत्याबाई? नसेल झालं, तरी आता त्यांना मी काही सांगणार नाही.

तुमची,
सुलभा